‘मी तंबाखू खात नाही’ : मिश्री, आशाताई आणि फसलेलं एक प्रशिक्षण

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा, तिथलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी माझ्यापुढे भरलेल्या सीबॅक फॉर्मांचा, म्हणजे आजारांचा धोका जोखणाऱ्या फॉर्मांचा, गठ्ठा ठेवला. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी जाऊन भरतात. वय, कंबरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, आणि तंबाखू. तंबाखूच्या रकान्यात तीन उत्तरं असतात: कधीच नाही, पूर्वी किंवा अधूनमधून, रोज. त्यांना अनुक्रमे शून्य, एक आणि दोन गुण. एकूण बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करून घ्यायची.

मी बायकांचे फॉर्म बाजूला काढले आणि एकेक उलटत गेले. शून्य, शून्य, शून्य. दोन गावांचे फॉर्म संपले, पण त्या रकान्यात एकाही बाईच्या नावापुढे एक गुणसुद्धा नव्हता.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर १०० प्रौढ बायकांमागे १७ जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. पण मला त्या आकड्याची आठवण काढायचीही गरज नव्हती. त्याच सकाळी एसटी स्टँडवरून केंद्राकडे चालत येताना वाटेतल्या घरांतून तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा ठसका मला लागला होता.

आणि या सगळ्या आशाताईंना तंबाखूच्या दुष्परिणामांचं प्रशिक्षण दोन महिन्यांपूर्वी मीच दिलं होतं.

गावाचं, केंद्राचं, कुणाही बाईचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. नावांवाचून प्रकरणाचं काही अडत नाही. मी दंतवैद्य आहे, आणि गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना तोंडाच्या आरोग्याचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. ते प्रशिक्षण कुठे चुकलं आणि नंतर काय बदललं, ते लिहिते आहे.

पहिला दिवस

बावीस आशाताई, एक प्रोजेक्टर, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मी जबड्याच्या कर्करोगाची छायाचित्रं दाखवली. गालाला भोक पडलेला माणूस, जीभ काढून टाकलेली बाई. खोलीत कुणी पदर तोंडाला लावला, कुणी मान फिरवली. मला वाटलं, परिणाम होतोय. मग तंबाखूतली रसायनं, मग २००३ चा कायदा: सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी, अठरा वर्षांखालच्या मुलांना विक्रीला बंदी, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला बंदी. २०१२ ची राज्यातली गुटखाबंदी. शेवटी उत्तरचाचणी. जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. केंद्राच्या डॉक्टरांनी कौतुक केलं, फोटो काढला, आणि मी समाधानाने घरी गेले.

त्या चाचणीत मी विचारलेला प्रत्येक प्रश्न माहितीचा होता. ‘तंबाखूमुळे कोणते आजार होतात?’ हे त्यांना चाचणीआधीही येत होतंच. शेजारणीच्या ओट्यावर बसून, तिची सासू समोर असताना, हा विषय काढायचा कसा, हे मी एकदाही विचारलं नाही. मला स्वतःला तरी ते कुठे येत होतं?

‘खात’ नाही, ‘लावते’

फॉर्मांचा गठ्ठा पाहिल्यानंतर मी एका आशाताईंबरोबर गावात फिरायचं ठरवलं. शिकवायचं काही नाही, फक्त मागे उभं राहायचं. पहिल्याच घरी त्यांनी फॉर्म काढला आणि विचारलं, ‘‘काकू, तंबाखू खाता का?’’

‘‘न्हाई गं बाई, कुठली तंबाखू!’’ काकू म्हणाल्या. बोलताना त्यांच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ दिसत होती. चुलीशेजारच्या फळीवर पत्र्याची छोटी डबी होती.

काकू खोटं बोलत नव्हत्या. या भागात तंबाखू ‘खातात’ ते पुरुष: हातावर चुन्याबरोबर मळून, गालात बार भरून. पोरं मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खातात. बाई मिश्री ‘लावते’. कोकणात आणि मुंबईत हिलाच मशेरी म्हणतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटून पूड करायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर घासायची. तिच्या लेखी हे दात घासणं आहे. पहिली चूळ भरण्याइतकं साधं. फॉर्ममधल्या प्रश्नात उदाहरणं आहेत ती गुटखा आणि खैनीची. मिश्रीचा तिथे उल्लेख नाही, आणि ‘खैनी’ हा शब्द तर आमच्याकडे कुणी बोलत नाही. मग ‘नाही’ हेच प्रामाणिक उत्तर.

मी थक्क झाले, आणि मला लाजही वाटली. मी सांगली भागातच वाढले. माझी आजी अंगणातल्या दगडावर बसून मिश्री लावायची, आणि घरात कुणीही कधी ‘आजी तंबाखू खाते’ असं म्हटलं नव्हतं. हा शब्दांचा फरक मला लहानपणापासून ठाऊक होता. तरी प्रशिक्षणात मी दिवसभर ‘तंबाखू सेवन’ म्हणत राहिले.

मिश्री घरीच तयार होते, त्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. पाकिटावरचं चित्र, जे २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर असतं, ते या बाईपर्यंत पोहोचत नाही. घरचा पुरुष बाजारातून सुटी तंबाखू आणतो, भाजते ती. डबीवर कसलंच चित्र नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, म्हणजे दात घासायच्या वस्तूत तंबाखू नको हे कायद्याने मान्य केलं. पण घरच्या तव्याला तो कायदा कुठून लागू होणार? या बाईला मिश्रीबद्दल सावध करणारं माणूस एकच आहे: दारात येणारी आशाताई. म्हणूनच तिचं प्रशिक्षण फसणं मला इतकं लागलं.

भाजल्याने तंबाखूतला दोष जातो, हा समज तर घरोघरी आहे. ‘जळून गेलं की त्यात काय राहतंय?’ प्रत्यक्षात भाजलेल्या पानात निकोटिन राहतं, कर्करोगकारक द्रव्यंही राहतात, आणि भाजताना जळण्यामुळे तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांची त्यात भर पडते. माझ्या चाळीस स्लाइडमध्ये याबद्दल एकही ओळ नव्हती.

डबी आशाताईंच्याही घरी होती

दुपारी आम्ही त्या आशाताईंच्या घरी जेवायला बसलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ. जेवणानंतर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुम्ही रागावणार नसला तर सांगते. मी पण लावते. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं शिकवलं. आता मी दुसरीच्या दारात जाऊन कुठल्या तोंडानं सांगू? म्हणतील, आधी तुझी डबी टाक.’’

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी हा विषय कुणाचंही नाव न घेता काढला. सुरुवात आजीपासून केली. ती कशी मिश्री सोडायचा प्रयत्न करायची, तीन दिवसांत चिडचिडी व्हायची, आणि चौथ्या दिवशी माझे काकाच बाजारातून तंबाखू आणून द्यायचे. मग एकेक जण बोलायला लागली. कुणाची आई, कुणाची जाऊ, आणि हळूहळू ‘मी’. बावीसपैकी किती जणी, ते मी मोजलं नाही आणि इथे सांगणारही नाही. ती मोजणी करायला बसले असते तर ती खोली पुन्हा गप्प झाली असती.

त्या दिवशी मला कळलं की आरोग्य कार्यकर्तीला आपण भोंग्यासारखं वापरू पाहतो. माहिती एका टोकाने भरली की दुसऱ्या टोकाने गावात बाहेर पडेल, असं धरून चालतो. ती त्याच गावातली सून आहे, तिच्या हिरड्याही त्याच गावातल्या आहेत. ज्या कारणामुळे गाव तिचं ऐकतं, त्याच कारणामुळे तिला हे बोलणं जड जातं.

एक बंद झालेलं दार

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट होती. पहिल्या प्रशिक्षणानंतर एका आशाताईंनी माझं म्हणणं अगदी मनावर घेतलं होतं. पन्नाशीच्या एका बाईच्या खालच्या ओठाआड त्यांना पांढरा चट्टा दिसला. माझ्याच छायाचित्रांच्या भरात त्या तिला म्हणाल्या, ‘‘हे कॅन्सरचं असतंय, लगेच मोठ्या दवाखान्यात जा.’’ बाई घाबरली, रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून, एसटीचे पैसे खर्चून लांबच्या एका दवाखान्यात गेली. तिथे दातांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. कुणीतरी तिला ओरडलं, ‘कुणी पाठवलं तुला? काही होत नाही, मिश्री बंद कर,’ आणि परत पाठवलं. त्यानंतर आशाताई दारात दिसल्या की ती बाई घरात निघून जायची.

चूक माझी होती. मी भीती दिली, पण पुढची वाट दिली नाही. कुठल्या वारी, कोणत्या दवाखान्यात, कुणाला भेटायचं, सोबत कोण जाईल, बसभाडं कोण देईल: यातलं काहीही मी ठरवलं नव्हतं. गावात आशाताईचा शब्द हेच तिचं भांडवल. ते माझ्यामुळे खर्ची पडलं.

पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. त्यातले थोडे पुढे कर्करोगाकडे वळू शकतात, म्हणून दाखवून घ्यायचे असतात. तंबाखू थांबवल्यावर कित्येक चट्टे विरळ होतात, काही जातातही. ही तीन वाक्यं मी त्या आशाताईंच्या हाती दिली असती तर ते दार उघडं राहिलं असतं.

खरं तर गावोगाव तोंडं तपासावीत, आणि ते काम साध्या गावकार्यकर्त्यांनी करावं, ही कल्पना नवी नाही. १९७२ साली पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तोंडांच्या पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी डेन्मार्कच्या तज्ज्ञाबरोबर तो केला होता. पुढे श्रीलंकेत ३४ प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांनी एका वर्षात २८,२९५ माणसांची तोंडं पाहिली. १९८४ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांचं निदान बहुतांशी बरोबर ठरलं, पण ज्यांना पुढे पाठवलं त्यांतली जेमतेम निम्मी माणसं तिथवर पोहोचली. आणि केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी आढळले. निकाल २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. श्रीलंकेतला तो ‘निम्मी पोहोचली’ हा आकडा मी विद्यार्थी असताना वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या बंद दारापाशी उभी राहिल्यावर कळला.

दुसऱ्यांदा

एका दिवसाचं प्रशिक्षण मोडून आम्ही ते महिन्याच्या बैठकांना जोडलं. दर बैठकीत दीड-दोन तास, चार महिने. प्रोजेक्टर नाही. या बैठकांना आशाताई तशाही येतात, त्यामुळे वेगळा दिवस मोडत नाही. लसीकरण, गरोदर नोंदणी, बाळभेटी, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी यांनी तिचा दिवस आधीच भरलेला असतो, आणि तिला मोबदला मिळतो तो बराचसा कामागणिक. हे न पाहता तिच्यावर आणखी एक विषय टाकणं मला आता अन्यायाचं वाटतं.

पहिल्या बैठकीत फक्त शब्द. फळ्यावर आम्ही गावातली नावं लिहिली: मिश्री, तपकीर, मावा, बार, विडी. मग प्रश्न कसा विचारायचा ते ठरवलं, आणि ते मी ठरवलं नाही. एका आशाताई म्हणाल्या, ‘‘असं विचारूया: सकाळी उठल्यावर दाताला काय लावता?’’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘‘आणि दुपारी परत लावता का? कामाला जाताना डबी नेता का?’’ या दोन प्रश्नांनी सवय किती खोल आहे तेही कळतं. दिवसातून एकदा लावणारी आणि पाच-सहा वेळा लावणारी यांची सुटका सारखी नसते. प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही, पाण्याच्या नळावर किंवा बाळाचं वजन घ्यायला गेल्यावर विचारायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या बैठकीत वजनकाटा. जन्मल्यापासून ४२ दिवसांपर्यंत आशाताई बाळाला भेटायला जातात, झोळीत घालून वजन करतात. गावातल्या बायकांच्या हाती वजनकाटा आणि नवजात बाळाची काळजी सोपवता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखवून दिलं, आणि पुढे आशांच्या बाळभेटी त्याच वाटेने आल्या. म्हणून मी तो काटाच आणायला सांगितला. झोळीत साखर, पीठ आणि एक साबणवडी मिळून बरोबर अडीच किलो भरलं. काटा अडीचवर. मग फक्त साबण काढला, शंभर ग्रॅमचा. काटा अडीचच्या खाली आला, म्हणजे बाळ कमी वजनाच्या यादीत गेलं.

मग मी त्यांना सांगितलं: मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर एक अभ्यास झाला, २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांची तंबाखू म्हणजे मुख्यतः हीच मशेरी. त्यांच्या बाळांचं वजन, बाकीची कारणं वजा केल्यावरही, सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि बाळं सरासरी सहा दिवस आधी जन्मली.

खोलीत कुणी पदर तोंडाला लावला नाही. एका आशाताईंनी साबण उचलून हातात तोलला आणि शेजारणीकडे दिला. तो साबण बावीस हातांतून फिरून माझ्याकडे परत आला. कर्करोग म्हणजे कधीतरी, कुणालातरी. अडीच किलोची रेघ मात्र त्यांच्या वहीत दर आठवड्याला येते. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात प्रशिक्षण खऱ्या अर्थाने त्या दहा मिनिटांत झालं.

तिसऱ्या बैठकीत टॉर्च आणि आरसा. आधी स्वतःचं तोंड, मग शेजारणीचं. ओठ उलटून बघायचा, गाल आतून, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, आणि तोंड उघडताना आपलीच तीन बोटं उभी आत न जाणं. निदान करायचं नाही. म्हणायचं एवढंच: ‘‘हे कॅन्सर आहे असं नाही. पण दाखवून घेऊया, मी बरोबर येते.’’ हे वाक्य आम्ही जोड्या पाडून वीस-वीस वेळा म्हणून घेतलं. केंद्राच्या डॉक्टरांनी ग्रामीण रुग्णालयाशी बोलून दातांच्या ओपीडीचा एक वार पक्का केला. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी आधी तोंड बघतील आणि चिठ्ठी देतील, असं ठरलं. कागदावर ही एक ओळ आहे, पण ती जमवायला आम्हाला सात आठवडे लागले.

चौथी बैठक सोडण्याबद्दल होती, आणि तिथे बायकांनी मला शिकवलं. मिश्री सोडली की पहिली अडचण कर्करोगाची नाही, पोटाची. ‘लावल्याशिवाय परसाकडला होत नाही’ हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं आहे, आणि ते खरं आहे. निकोटिनने आतडी हलतात, ते बंद झालं की काही दिवस पोट अडतं. म्हणून आशाताईंनी हे आधीच सांगून ठेवायचं: दोन-तीन दिवस सगळ्यांत जड जातील, चिडचिड होईल, डोकं दुखेल, दोन ते चार आठवड्यांत ओसरेल. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, तोंडात धरायला बडीशेप किंवा लवंग. सुपारी मात्र नाही, कारण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. मला हे ठासून सांगावं लागलं. काही जणी मिश्री सोडून चांगल्या हेतूने सुपारीवर आल्या होत्या. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही प्रत्येकीच्या वहीत लिहून घेतला, पण खरं सांगायचं तर गावातल्या बायका अनोळखी आवाजापेक्षा दारातल्या आवाजाशी जास्त बोलतात.

मग एका वयस्कर आशाताईंनी विचारलं, ‘‘मॅडम, आषाढी पंधरा दिवसांवर आलीय. बायका चातुर्मासात वांगं सोडतात, कांदा-लसूण सोडतात. मिश्री का नाही सोडायची?’’ त्यांच्या गावात माळकरी बायका भरपूर. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छर बंद, पण मिश्री सुटलेली नाही. सोडण्याला आधीच एक जागा होती, नाव होतं, आणि शेजारणींची साथ होती. मी दहा वर्षं प्रशिक्षण देते आहे, पण सोडण्याचा दिवस कसा ठरवावा यावर याहून चांगली सूचना मी ऐकलेली नाही.

पुढे काय झालं

फॉर्म बदलले. पुढच्या फेरीत बायकांच्या रकान्यात ‘रोज’ दिसायला लागलं. त्यावर वरच्या एका कार्यालयातून विचारणा आली की या केंद्रात तंबाखूचं प्रमाण अचानक एवढं कसं वाढलं. डॉक्टरांनी पत्र लिहून समजावलं, तंबाखू वाढलेली नाही, विचारणं सुधारलंय. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं. शून्य लिहिणाऱ्या आशाताईला कुणी विचारत नाही आणि खरं लिहिणाऱ्या आशाताईला खुलासा मागितला जातो, असं होत राहिलं तर पुढच्या वर्षी ती पुन्हा शून्य लिहील.

ज्यांच्याबरोबर मी गावात फिरले होते, त्या आशाताईंनी आषाढीला डबी बंद केली. त्यांनी हे गावात कुणाला सांगितलं नाही, सासूच्या मात्र लक्षात आलं. सासूने स्वतःची डबी ठेवली. पण आता ती सुनेसमोर लावत नाही, मागच्या दारी जाते. तीन महिन्यांनी आशाताई मला म्हणाल्या, ‘‘आता मी विचारू शकते. त्या बायका मला उलट विचारतात, कशी सोडलीस? मग मी सांगते, तिसऱ्या दिवशी मी भांडी आपटली होती.’’

सगळीकडे असं झालं नाही. काही गावांत आशाताईंना वेळच मिळाला नाही. पुरुषांच्या आणि माव्याच्या बाबतीत आम्ही जवळजवळ काही केलं नाही. टपरीवर उभ्या असलेल्या मुलांशी बोलणं हे आशाताईचं एकटीचं काम नव्हे, त्यासाठी आरोग्य सेवक, शाळा, ग्रामपंचायत लागतात. त्या वर्षी ते जमलं नाही.

आणि चातुर्मासाचंही एक सत्य नंतर समोर आलं. कार्तिकीला तो संपतो, आणि याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, दुपारपर्यंत पोटात काही नाही, भूक मारायला आणि झोप उडवायला डबी. चार महिने टिकलेली कित्येक व्रतं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढल्यावर मोडली. तिथे आशाताई नाही. या पट्ट्यात तंबाखूविरुद्धचं कुठलंही प्रशिक्षण ऊसतोडीचं वेळापत्रक बघूनच आखायला हवं, आणि सोडण्याला आधार द्यायचा तर तो कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रापर्यंत न्यायला हवा. पुढच्या वर्षी आम्ही टोळ्या निघण्याआधी एक जादा बैठक ठेवली आहे.

ती पन्नाशीची बाई राहिली. तिच्या आशाताई तिच्या दारात पुन्हा गेल्या, पण तोंडाचा विषय काढला नाही. तिची सून बाळंत झाली होती, बाळभेटी सुरू होत्या. तिसऱ्या दिवशी वजन, सातव्या दिवशी वजन. चौदाव्या दिवशी बाळाला झोळीतून काढताना बाईनेच आपला खालचा ओठ खाली ओढून दाखवला आणि म्हणाली, ‘‘बघ गं, वाढलंय का?’’ आशाताई तिला घेऊन ठरलेल्या वारी रुग्णालयात गेल्या. तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. दिवाळीपर्यंत मिश्री पुष्कळ कमी झाली होती आणि चट्टा विरळ दिसत होता. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं.

पुढची तारीख जानेवारीत येते. तेव्हा ती कोल्हापूरकडच्या फडात असेल. आशाताईंनी तिच्या मुकादमाचा मोबाइल नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.